जोडी मोडताना ओळख कोणाकडे राहते?

वाचकांचे प्रश्न : दोन फायरवॉलपैकी एकच ठेवायची असेल तर

प्रश्न : आमच्या संस्थेत सहा वर्षांपूर्वी दोन सारख्याच फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावर ये-जा तपासणारी यंत्रे, बसवल्या गेल्या. एक सक्रिय असते आणि दुसरी राखीव. त्या वेळी ईमेल, फाइल सर्व्हर, हिशेबाचे सॉफ्टवेअर असे सगळे आमच्याच सर्व्हर खोलीत होते. आता त्यातले जवळपास सगळे क्लाउडवर गेले आहे आणि दोन यंत्रांचे वार्षिक नूतनीकरण करण्यास व्यवस्थापन तयार नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या मते राखीव यंत्राच्या केबल काढल्या की काम संपले. दुसऱ्याच्या मते उरलेले यंत्र पूर्ण पुसून सगळे नियम पुन्हा लिहायला हवेत. कोणाचे ऐकावे, आणि कामाचा क्रम कसा ठेवावा?

उत्तर : राखीव यंत्र काढल्यावर सक्रिय यंत्र चालू राहते, हे आपल्या पहिल्या सहकाऱ्याचे म्हणणे खरेच आहे, जोडी बनवली जाते ती त्यासाठीच. मात्र असे यंत्र एकटे पडले तरी स्वतःला एकटे समजत नाही. ते जोडीदाराची वाट पाहत राहते, हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ हा ठरावीक संदेश, पाठवत राहते, जोडीदार हरवल्याची सूचना रोज नोंदवत राहते, आणि त्या रोजच्या सूचनांची सवय झालेल्या माणसाच्या नजरेतून एखादी खरी सूचना सहज निसटते. परवान्यांचाही प्रश्न असतो. सिस्को कंपनीच्या एएसए या फायरवॉल मालिकेत ८.३ या आवृत्तीपासून दोन्ही यंत्रांचे परवाने एकत्र धरले जातात, आणि दोघांचा संपर्क तुटून ३० दिवस उलटले की प्रत्येक यंत्र फक्त स्वतःच्या परवान्यावर येते. म्हणजे केबल काढल्यानंतर तीन आठवडे सगळे सुरळीत चालले, यावरून पाचव्या आठवड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दुसऱ्या सहकाऱ्याने सुचवलेली मेहनत बहुतेक ठिकाणी अनावश्यक आहे. नियम, नॅट (आतल्या पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यांत रूपांतर), व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित जोडणी), वापरकर्त्यांच्या नोंदी हे सगळे सक्रिय यंत्रावर पूर्ण स्वरूपात असतेच. नव्याने लिहावे लागते ते फक्त जोडीशी बांधलेले तेवढेच, आणि ते किती आहे हे कंपनीनुसार बदलते.

माझ्या मते या कामात आधी एकाच गोष्टीचा विचार करावा : जोडी बाहेरच्या जगाला ज्या ओळखीने माहीत आहे, ती ओळख जोडी मोडल्यानंतर कोणाकडे राहणार? फायरवॉलची ओळख म्हणजे तिचे आयपी पत्ते आणि त्या पत्त्यांमागचा मॅक पत्ता, म्हणजे पोर्टचा हार्डवेअर क्रमांक. संगणकांना गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे दार, म्हणून दिलेला पत्ता, सेवा पुरवठादाराच्या राउटरने लक्षात ठेवलेला पत्ता, पलीकडच्या शाखेच्या व्हीपीएनमध्ये लिहिलेला पत्ता, हे सारे त्या ओळखीवर अवलंबून असतात. जोडीत ही ओळख दोघांची सामाईक असते आणि त्या क्षणी जे यंत्र सक्रिय असेल ते ती वापरते. जोडी मोडताना होणारे जवळपास सगळे घोळ दोनच प्रकारचे असतात : एक तर ती ओळख कोणाकडेच राहत नाही, किंवा ती दोघांकडेही राहते.

आयपी पत्त्याची व्यवस्था सगळीकडे सारखी नसते. एएसएमध्ये प्रत्येक इंटरफेसच्या (जोडणीच्या पोर्टच्या) ओळीत सक्रिय पत्ता आणि त्यापुढे स्टँडबाय, म्हणजे राखीव यंत्राचा पत्ता असा उल्लेख असतो. सक्रिय पत्ता तसाच ठेवून स्टँडबायचा भाग आणि फेलओव्हरची (जोडीतल्या अदलाबदलीची) सेटिंग काढली की पत्त्यांचे काम झाले. पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो आणि त्याशिवाय कार्प या पत्ता वाटून घेण्याच्या पद्धतीचा एक तिसरा, फिरता पत्ता असतो. संगणकांचा गेटवे हा तिसरा पत्ता असतो. तिथे जोडी मोडताना फिरता पत्ता काढून तोच इंटरफेसचा स्वतःचा पत्ता करावा लागतो, आणि बाहेर जाणाऱ्या नॅटचे नियम, व्हीपीएनची बांधणी, डीएचसीपीमधला (संगणकांना पत्ते वाटणाऱ्या सेवेतला) गेटवेचा आणि जोडीदाराचा उल्लेख, हे सगळे एकेक करून तपासावे लागते. ज्या पत्त्यावरून तुम्ही व्यवस्थापनाचे पान उघडले आहे तोच पत्ता बदलला तर मधेच संपर्क तुटेल, म्हणून हे काम वेगळ्या व्यवस्थापन पोर्टवरून किंवा कन्सोल केबल लावूनच करावे.

मॅक पत्त्याकडे मात्र फार कमी जणांचे लक्ष जाते. फोर्टिगेट ही फायरवॉल क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडीत, असताना इंटरफेसना स्वतःचा मॅक पत्ता न वापरता एक आभासी पत्ता वापरते. अनेक आवृत्त्यांत तो ००:०९:०एफ:०९ असा सुरू होतो आणि पुढचा भाग क्लस्टरच्या गट क्रमांकावरून ठरतो. पालो आल्टो कंपनीच्या सक्रिय-राखीव जोडीत हा आभासी पत्ता ००:१बी:१७:०० असा सुरू होतो, आणि पीएफसेन्सच्या कार्पमध्ये ००:००:५ई:००:०१ असा. जोडीची सेटिंग बंद केल्याबरोबर यंत्र आपल्या पोर्टवरच्या मूळ मॅक पत्त्यावर परत येते. आयपी तोच राहतो, पण त्यामागचा मॅक बदलतो, आणि शेजारच्या प्रत्येक उपकरणाला हा बदल कळावा लागतो. एएसएची रीत आणखी वेगळी आहे : तिथे मुद्दाम आभासी पत्ता दिलेला नसेल तर जे सक्रिय असेल ते यंत्र ‘प्राथमिक’ म्हणून नेमलेल्या यंत्राचेच मॅक पत्ते वापरते. त्यामुळे प्राथमिक यंत्र काढून दुय्यम ठेवले, तर दुय्यम यंत्र आज प्राथमिकाच्या मॅकवर व्यवस्थित चालते आणि पुढे कधीतरी रीस्टार्ट झाले की स्वतःच्या मॅकवर येते. म्हणजे अडचण काम केल्याच्या दिवशी न येता भलत्याच दिवशी येते.

यावरून कोणते यंत्र ठेवावे या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर मिळते. एएसएमध्ये, इतर सगळे समान असेल तर, प्राथमिक ठेवावे. परंतु इतर सगळे क्वचितच समान असते. कोणत्या अनुक्रमांकावर आधार करार चालू आहे, कोणत्या यंत्रावर सेवांची वर्गणी अधिक काळ शिल्लक आहे, कोणाचा पंखा आवाज करतो आहे, कोणाच्या पोर्टवर चुकांचे आकडे वाढत आहेत, हे आधी पाहावे. काही कंपन्या जोडीतले दुसरे यंत्र कमी किमतीत, फक्त राखीव म्हणून वापरण्याच्या अटीवर विकतात. असे यंत्र एकटे चालवण्यासाठी परवाना बदलून घ्यावा लागतो. हे कळायला एका दिवसाचा पत्रव्यवहार पुरतो, पण तो काम सुरू करण्यापूर्वीचा दिवस असावा.

आता क्रम. जे यंत्र ठेवायचे आहे तेच सक्रिय असेल अशी अदलाबदल चार-पाच दिवस आधीच करून घ्यावी. त्या अदलाबदलीत एखादी सेवा अडखळली तर ती त्याच दिवशी कळते आणि परत फिरण्याचा मार्ग शाबूत असतो. दोन्ही यंत्रांचे बॅकअप वेगवेगळे घ्यावेत, कारण होस्टनेम, व्यवस्थापनाचा पत्ता, जोडीतले प्राधान्य अशा गोष्टी बहुधा एकमेकांकडे पाठवल्या जात नाहीत. त्यानंतर राखीव यंत्र रीतसर बंद करावे आणि एक आठवडाभर काहीही न बदलता पाहावे. जोडीची सेटिंग अजून तशीच असल्याने सक्रिय यंत्राचे आयपी आणि मॅक दोन्ही जसेच्या तसे राहतात आणि गरज पडली तर राखीव यंत्र पुन्हा सुरू करता येते. आपल्या पहिल्या सहकाऱ्याची सूचना शेवटचा टप्पा म्हणून अपुरी असली, तरी मधला टप्पा म्हणून उत्तम आहे.

राखीव यंत्र बंद न करता केबल काढणार असाल तर त्यांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी वाहतुकीच्या केबल काढाव्यात, म्हणजे आतल्या, बाहेरच्या आणि इतर झोनच्या (नेटवर्कच्या भागांच्या), आणि हार्टबीटची केबल सर्वांत शेवटी. उलटे केले तर राखीव यंत्राला वाटते की सक्रिय यंत्र गेले. ते त्याच आयपी पत्त्यांनिशी पुढे येते आणि एका नेटवर्कवर दोन मालक उभे राहतात. पालो आल्टोमध्ये राखीव यंत्र आधी सस्पेंड करता येते, म्हणजे ते पुढे येण्याचा प्रयत्न करत नाही. फोर्टिगेटमध्ये क्लस्टरमधून एखादे यंत्र वेगळे करण्याची जी आज्ञा आहे ती त्या यंत्राच्या, आपण सांगितलेला एक पोर्ट सोडून, बाकी सगळ्या पोर्टचे आयपी पत्ते शून्य करते. खुद्द निर्मात्यांनी एवढी काळजी घेतली आहे, यावरून धोका किती नेहमीचा आहे हे लक्षात यावे.

आठवडा सुखरूप गेला की ठरवलेल्या वेळी उरलेल्या यंत्रावरील जोडीची सेटिंग काढावी, पत्ते नीट करावेत, सेटिंग जतन करावी आणि यंत्र एकदा मुद्दाम रीस्टार्ट करावे. ही शेवटची पायरी अनेक जण टाळतात, कारण सगळे चालू असताना कोणालाच बंद करावेसे वाटत नाही. पण एकट्याने उभे राहण्याची खरी परीक्षा रीस्टार्टमध्येच होते, आणि ती तुम्ही जागे व तयार असताना झालेली बरी.

शेवटी स्विचकडे, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्राकडे, पाहावे. अनेक ठिकाणी पहिली फायरवॉल पहिल्या स्विचला आणि दुसरी दुसऱ्या स्विचला जोडलेली असते. दुसरी फायरवॉल गेली की दुसऱ्या स्विचची उपयुक्तताही संपते, कारण पहिला स्विच बंद पडला तर वाट उरत नाही. हार्टबीटसाठी वापरलेले पोर्ट आता मोकळे झाले आहेत; ते वापरून उरलेल्या फायरवॉलची एकेक केबल दोन्ही स्विचना नेता येते का, हे नक्की तपासावे. खर्चकपातीच्या निर्णयात यंत्र एकच कमी व्हायचे होते. स्विचचा आधारही त्यासोबत जावा असे कोणी ठरवले नव्हते.

प्रश्न : आम्ही जोडी मोडली. आतल्या संगणकांचा फायरवॉलशी संपर्क लगेच सुरू झाला, पण इंटरनेट बंद पडले. सगळे नियम तीनतीनदा तपासले, काही सापडले नाही. साधारण चार तासांनी काहीही न करता सगळे आपोआप सुरू झाले. मात्र बाहेरून पोहोचण्यासाठी ठेवलेले दोन सर्व्हर त्या वेळात पूर्ण बंद होते, म्हणून वरिष्ठांना कारण द्यायचे आहे. काय सांगू?

उत्तर : आपण लिहिलेला ‘साधारण चार तास’ हाच पुरावा आहे. एखादे उपकरण आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधते ते एआरपी या पद्धतीने, जी १९८२ साली आरएफसी ८२६ मध्ये नोंदवली गेली. मिळालेले उत्तर उपकरण काही काळ लक्षात ठेवते. किती काळ, हे प्रत्येकाने आपापले ठरवलेले असते. नेहमीच्या संगणकांत ही आठवण अर्ध्या मिनिटाच्या आसपास जुनी मानली जाते आणि पुन्हा खातरजमा होते. म्हणून आतली बाजू लगेच सावरली. सिस्कोच्या राउटरवर मात्र मूळ मुदत १४,४०० सेकंद, म्हणजे बरोबर चार तास असते. आपल्या पुरवठादाराचा राउटर बहुधा तसाच असावा. त्याच्या स्मृतीत आपल्या बाहेरच्या आयपीसमोर जोडीचा जुना आभासी मॅक लिहिलेला होता, आणि तो मॅक आता कोणाचाच नव्हता. आपल्याकडून माहितीची पाकिटे बाहेर जात होती, पण परतीचे प्रत्येक पाकीट राउटर एका नसलेल्या दारावर नेऊन ठेवत होता.

असे होऊ नये म्हणून यंत्र ‘हा आयपी आता माझ्याकडे आहे’ असे आपणहून जाहीर करते. त्याला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात. काही राउटर सुरक्षेच्या कारणाने अशी न मागता आलेली घोषणा स्वीकारत नाहीत. शिवाय फायरवॉल घोषणा करते ती इंटरफेसच्या स्वतःच्या पत्त्यासाठी. नॅटने सर्व्हरना दिलेल्या अतिरिक्त सार्वजनिक पत्त्यांसाठी ती करेलच असे नाही. त्यामुळे कित्येकदा इंटरनेट चालू होते आणि बाहेरून पोहोचायचे सर्व्हर तेवढे बंद राहतात. तेव्हा तपासताना प्रत्येक सार्वजनिक पत्ता वेगळा तपासावा.

पुढच्या वेळी पुरवठादाराला आधी कळवून ठरलेल्या वेळी एआरपीची नोंद पुसायला सांगावे. हे काम काही सेकंदांचे असते, पण ते करणारा माणूस त्या वेळी फोनवर हवा. काही पुरवठादार ग्राहकाचा मॅक पत्ता आपल्या बाजूला कायमचा बांधून ठेवतात. तिथे चार तासच काय, चार दिवस थांबूनही काही होत नाही. हे सगळे शक्य नसेल, तर अनेक फायरवॉलमध्ये इंटरफेसला मॅक पत्ता हाताने देता येतो. जोडीचा जुना आभासी मॅक बाहेरच्या इंटरफेसला दिला की शेजाऱ्यांना बदल जाणवतच नाही. मी हा उपाय फक्त तात्पुरता वापरतो. पुढे कोणी त्याच नेटवर्कवर त्याच गट क्रमांकाची नवी जोडी उभी केली तर दोन ठिकाणी एकच मॅक येईल, आणि तो दोष शोधणाऱ्या माणसाला आजच्या आपल्या निर्णयाची काहीच कल्पना नसेल.

प्रश्न : आमच्याकडे ज्युनिपर कंपनीच्या एसआरएक्स फायरवॉलचे क्लस्टर आहे. त्यालाही हेच लागू पडते का?

उत्तर : ओळखीचा विचार तोच, पण मेहनत अधिक. एसआरएक्स क्लस्टरमध्ये आयपी पत्ते आरईटीएच नावाच्या आभासी इंटरफेसवर असतात आणि प्रत्यक्ष पोर्ट त्याचे सदस्य असतात. क्लस्टर बंद करून रीस्टार्ट केले की त्या आभासी इंटरफेसना अर्थ उरत नाही. प्रत्येक पत्ता, प्रत्येक व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क), झोनमधला प्रत्येक उल्लेख प्रत्यक्ष पोर्टच्या नावावर आणावा लागतो. त्यातच पोर्टची नावेही बदलतात : दुसऱ्या नोडचे (यंत्राचे) पोर्ट क्लस्टरमध्ये पुढच्या क्रमांकांनी ओळखले जातात आणि एकटे झाल्यावर पुन्हा शून्यापासून मोजले जातात. एसआरएक्स ३०० सारख्या लहान यंत्रात पहिले दोन पोर्ट क्लस्टर असताना व्यवस्थापन आणि नियंत्रणासाठी अडकलेले असतात, ते मोकळे होतात. म्हणून इथे नवी सेटिंग आधी मजकूर फाइलमध्ये पूर्ण लिहून काढावी, राखीव नोड नेटवर्कपासून पूर्ण वेगळा करून त्यावर ती चढवून पाहावी, आणि मगच प्रत्यक्ष अदलाबदल करावी. आपल्या बाबतीत पहिल्या प्रश्नातल्या दुसऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे बरेचसे खरे ठरते.

प्रश्न : काढलेल्या फायरवॉलचे काय करावे? रॅकमध्येच, केबल लावलेल्या अवस्थेत पण जोडीची सेटिंग बंद करून ठेवली, तर गरज पडल्यावर पटकन वापरता येईल असे मला वाटते.

उत्तर : कृपया असे करू नये. एका कार्यालयात नेमके असेच ठेवले होते आणि मला तिथे बोलावले गेले ते वीज जाऊन आल्यानंतरच्या सकाळी. दोन्ही यंत्रे एकाच वेळी सुरू झाली होती आणि दोघांकडे तेच पत्ते होते. मी एका संगणकावर एआरपीची यादी पुन्हा पुन्हा मागवत होतो : गेटवेचा आयपी तोच, पण त्यासमोरच्या मॅकचे शेवटचे सहा अंक दर काही सेकंदांनी बदलत होते. वेबपाने अर्धवट उघडत होती, व्हीपीएन जुळून तुटत होते, आणि तिथल्या लोकांनी तोवर केबल, स्विच, पुरवठादार अशा सगळ्यांना दोष देऊन पाहिला होता. रॅकमागच्या चार केबल काढल्या आणि मिनिटाभरात सगळे शांत झाले.

आपल्या मनातल्या ‘जोडीची सेटिंग बंद’ या शब्दांतच फसगत आहे. एएसएचे उदाहरण घ्या. राखीव यंत्रावर फेलओव्हर बंद केला तरी ते रीस्टार्ट होईपर्यंत राखीव अवस्थेतच थांबते, म्हणून सगळे ठीक वाटते. सेटिंग जतन झाली असेल तर पुढच्या रीस्टार्टला ते स्वतःला एकटे आणि सक्रिय समजून उठते. मधे किती महिने गेले याने काही फरक पडत नाही.

काढलेले यंत्र सुटे राखीव म्हणून ठेवणे मात्र चांगला विचार आहे. त्यासाठी ते नेटवर्कपासून सोडवून फॅक्टरी रीसेट करावे. तसेही त्यात व्हीपीएनच्या गुप्त किल्ल्या, प्रमाणपत्रे आणि वापरकर्त्यांचे पासवर्ड असतात, आणि ते यंत्र विकायचे किंवा परत करायचे असेल तर हे पुसणे टाळता येतच नाही. रीसेटनंतर चालू यंत्रावर असलेलीच फर्मवेअर (यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती त्यावर चढवावी, कारण वेगळ्या आवृत्तीवर बॅकअप भरताना काही ओळी गळून पडू शकतात. बॅकअप ज्या पासवर्डने किंवा मास्टर किल्लीने कूटबद्ध झाला असेल तो यंत्राबाहेर सुरक्षित लिहून ठेवावा. मग एका शांत दिवशी, एकही केबल नेटवर्कला न लावता, चालू यंत्राचा ताजा बॅकअप त्यावर भरून पाहावा, किती मिनिटे लागली ते टिपून घ्यावे, आणि यंत्र पुन्हा रीसेट करून कपाटात ठेवावे. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजेही वर्षाला पावणेनऊ तासांच्या आसपास बंद अवस्था असते. एकट्या फायरवॉलच्या बाबतीत ते तास किती होतील हे बरेचसे आपण टिपलेल्या त्या मिनिटांवर ठरते. वर्गणी नसलेल्या सुट्या यंत्रावर विषाणू आणि घुसखोरी ओळखण्याच्या नोंदी ताज्या होणार नाहीत, पण नियम, नॅट आणि व्हीपीएन बहुतेक यंत्रांत चालतील, आणि बदली यंत्र येईपर्यंत तेवढे पुरते. कपाटातल्या यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवावी : अनुक्रमांक, फर्मवेअर आवृत्ती, शेवटच्या तालमीची तारीख, आणि ‘चालू यंत्राच्या केबल काढल्याशिवाय जोडू नये’ हे वाक्य.